खोळीला ठेवलेली खिडकी

"दिवा लुकलुकतोय तोवर हात लावायचा नाही हं, टाकेवाली. लुकलुकतोय म्हणजे ती लिहितेय. लिहिणाऱ्याच्या हातून पेन हिसकावून घेतो का आपण?"

हा आवाज चार वर्षांपूर्वीचा. बोलणारा जाऊन चौदा महिने झाले होते, तरी वहिनीच्या कानात तो असा होता की जणू माणूस मागच्या खोलीत शर्टाची बटणं लावता लावता बोलतोय.

त्या दिवशी तिच्या नवऱ्यानं गेमच्या डब्याला जोडायची डिस्क आणली होती. साबणाच्या वडीएवढी, काळी, पोटातून बारीक गुणगुणणारी. डब्यातली जागा भरत आली, आता जास्तीचे गेम हिच्यात साठवायचे, असं त्यानं समजावलं. वहिनी शिवणकाम करणारी. तिच्या घरात उघडं काही राहत नसे. मिक्सरला खोळ, पंख्याला खोळ, इस्त्रीला खोळ. मी फार वेळ एका जागी बसलो तर ही मलाही खोळ घालेल, असं नवरा म्हणायचा. संध्याकाळच्या आत तिनं डिस्कला निळ्या कापडाची, आत कापूस भरलेली खोळ शिवून चढवली, आणि नवऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, गुदमरेल ती! काम करताना तापते. श्वास घ्यायला जागा तरी ठेव."

मग वहिनीनं खोळ उसवली, कापूस काढून टाकला, मागच्या अंगाला दोन झरोके ठेवले आणि पुढं नखाएवढी खिडकी कापून तिला पिवळ्या कापडाची बारीक किनार लावली. नवरा भलताच खूश झाला. मास्तरासारखं बोट वर करून त्यानं विचारलं,

"ही खिडकी कशाला, सांग बघू?"

"दिवा दिसावा म्हणून."

"आणि दिवा लुकलुकत असला तर?"

"हात लावायचा नाही."

"शाबास! उद्यापासून आमच्या कंपनीत ये कामाला." त्याची कंपनी लिफ्ट दुरुस्त करायची.

खिडकी तिनं स्वतःच्या हातानं कापली होती. दिवा दिसला नाही, असं म्हणायची सोय तिनं स्वतःच ठेवली नव्हती.

आता त्या घरात दोघीच राहत. वहिनी आणि तिची नणंद. नणंदेला घरीदारी बारकी म्हणत. सव्वीस वर्षांची झाली तरी ते नाव काही मोठं झालं नाही. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, सकाळी सात ते दुपारी चार. तो गेल्यावर शेजारपाजारच्यांनी मनातल्या मनात घराची वाटणी करून टाकली होती. नणंद-भावजय, तीही एका छताखाली, किती दिवस टिकणार? पण त्या टिकल्या. बारकी स्वयंपाकात मीठ विसरायची, वहिनी तिला "वन्संबाई, आज मीठ दुकानात विसरलात वाटतं" असं टोमण्यानं म्हणायची, आणि दोघी तशाच अळणी जेवायच्या. दुःखाचं ओझं दोघींनी दोन टोकांनी धरलं होतं. एकीनं सोडलं असतं तर दुसरीच्या पायावर पडलं असतं, म्हणून कुणी सोडत नव्हतं.

पुढच्या खोलीत खिडकीपाशी वहिनीचं शिलाई मशीन. समोरच्या भिंतीला टीव्ही, त्याच्याखाली फळीवर तो गेमचा डबा, आणि डब्याशेजारी निळ्या खोळीत डिस्क. बारकी त्याला कन्सोल म्हणायची, वहिनी डबाच म्हणायची. कंट्रोलरला ती रिमोट म्हणायची आणि बारकी दर वेळी कपाळाला आठ्या घालायची.

त्या कंट्रोलरवर एक छोटं बटण होतं. खेळताना ते दाबलं की मागची काही मिनिटं जशीच्या तशी जपून ठेवली जायची. पडद्यावरचं चित्र, आणि त्याबरोबर खोलीत कोण काय बोललं तेही. दादाला, म्हणजे बारकीच्या भावाला, त्या बटणाचा फार नाद. कुणी खड्ड्यात पडलं, दाब बटण. कुणाचं डोकं दारात अडकलं, दाब बटण. अशा दीडेकशे क्लिपा साठल्या होत्या. त्याचे फोटो घरात होते, पण फोटोत तो लग्नघरातल्या खुर्चीसारखा ताठ. फोनवर त्याचं बोलणं म्हणजे, "हां. बोल. येतो." झालं. त्याचं खरं हसू, नाकातून सुरू होऊन खोकल्यात संपणारं, ते जगात एकाच ठिकाणी उरलं होतं. त्या डब्यात.

बारकी रोज पाचच्या सुमाराला एक-दोन क्लिपा लावायची. जेवणानंतर गोळी घ्यावी तशी. वहिनी पाठमोरी, मशीनवर. पाय चालू, मशीनची खडखड चालू. त्या खडखडीतून जेवढं गाळून येई तेवढंच तिच्या कानी पडायचं. तेवढंच तिला सोसायचं. पायाच्या तालावर ती ओठातल्या ओठात काहीबाही जुळवायची, तिच्या आईची तशी सवय होती:

सुई पुढं गेली, दोरा मागं मागं,
धनी दूर गेला, हसू घरी जागं.

आणि मग तो गुरुवार आला.

त्या दिवशी बारकी दुकानातून आली ती घाईतच. "वहिनी, डब्यात जागा संपली. सगळ्या क्लिपा डिस्कमध्ये हलवायला लावल्यात. एक एक करून तिकडं जातील आणि इकडच्या पुसल्या जातील. पंधरा-वीस मिनिटं लागतील. हात लावू नकोस हं."

"मी कशाला लावतेय तुमच्या डब्याला हात?"

बारकी हसली, डिस्कमध्ये जाऊन पोचलेली एक क्लिप चालू करून ठेवली आणि अंगाचा औषधांचा वास घालवायला आंघोळीला गेली. दुकानातून आल्यावर तिचं हे रोजचं होतं.

नेमका तेव्हा वहिनीच्या मशीनच्या बॉबिनमधला दोरा संपला. खडखड थांबली. खोली एकाएकी रिकामी झाली, आणि त्या रिकाम्या खोलीत नवरा पहिल्यांदा सगळाच्या सगळा ऐकू आला.

गेममध्ये दोघं भावंडं एक कपाट लिफ्टनं वर नेत होती. "हे लिफ्टचं काम कुणी केलंय रे? दाराला सेन्सर नाही, आत अलार्म नाही. उद्या कुणाचा पाय अडकला म्हणजे?" बारकीचं खिदळणं. मागं कुठंतरी शिलाई मशीनची खडखड. वहिनीनं ओळखली, तिचीच. मग तो मोठ्यानं, "टाकेवाली! अगं ए टाकेवाली, ये ना जरा इकडं. एकदा बघून तर जा, हिनं माझ्या डोक्यावर कपाट टाकलंय!"

क्लिपमधली खडखड थांबली. आणि एक आवाज आला. कोरडा, कंटाळलेला, धाग्याचं टोक दातानं तोडावं तसा.

"मला वेळ नाही. तुमचा पोरखेळ तुम्हाला लखलाभ."

खडखड पुन्हा सुरू. आणि तिच्या आड, हळू, कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, तो म्हणाला, "बरं."

एवढंच. बरं.

त्यानंतर आठच दिवसांनी त्याला ताप भरला होता आणि त्या तापातून तो उठला नव्हता.

वहिनी कधी उठली, खोली कधी ओलांडली, तिला सांगता आलं नसतं. पडद्यावर पुढचं काही चालू होतं, तो पुन्हा हसत होता, आणि त्या "बरं"नंतर तो हसतोय हे तिला ऐकवेना. खोळीच्या पिवळ्या किनारीच्या खिडकीत दिवा लुकलुकत होता. तिला दिसला. स्वच्छ दिसला. तिनं डिस्कची वायर धरली आणि ओढली.

आवाज तुटला. डिस्कची गुणगुण उतरत गेली, एखाद्याचा श्वास जावा तशी, आणि खिडकी काळी झाली.

मग तिच्या हाताला कळलं, आपण काय केलं. तिनं धडपडत वायर परत खोचली, खोळ सारखी केली, आणि मशीनवर येऊन बसली. पडद्यावर कसलातरी चौकोन आला होता. तिनं तिकडं पाहिलंही नाही.

"वहिनी!" न्हाणीतून हाक. "आवाज का गं थांबला?"

"आपोआप बंद पडलं."

शब्द तोंडातून गेला आणि तिनं जीभ चावली. कारण या शब्दाचा नवऱ्यानं आयुष्यभर तमाशा केला होता. कुठल्याही इमारतीत लिफ्ट अडकली की तो गेल्या गेल्या एकच प्रश्न विचारायचा, बंद पडायच्या आधी कोण काय करत होतं? आणि दर वेळी, दर माणूस, एकच उत्तर द्यायचा. जेवताना तो त्यांच्या नकला करायचा. दारात खुर्ची अडकवून ठेवलेला पहारेकरी, डोळे वटारून: आपोआप! सगळी बटणं एकदम दाबणारे आजोबा, छातीवर हात ठेवून: आपोआप हो, देवाशपथ! मग तो घास हातात धरून म्हणायचा, "टाकेवाली, त्यांनी खरं सांगितलं तर माझं काम दहा मिनिटांचं असतं. आपोआप म्हणाले की दिवस जातो."

आता नऊ दिवस गेले होते.

पहिल्या दिवशी बारकीनं डबा बंद करून पुन्हा चालू केला. पडद्यावर पांढऱ्या चौकोनात ओळ आली, तिनं ती वाचून दाखवली: "डिस्क योग्य रीतीनं बंद न करता वायर काढण्यात आली." वहिनीच्या हातातली कात्री कापडातच थांबली. बस, आता ही वळून विचारणार.

बारकी वळली. "वायर कुणी काढली?"

"कुणी काढणार?"

"तेच तर! तू इथंच होतीस की." बारकीनं पडद्याकडं बघून जीभ दाखवली. "खोटारडा डबा. उगाच माझ्या वहिनीवर आळ घेतोय."

त्या क्षणी सांगता आलं असतं. दार उघडं होतं. पण बारकीनं इतक्या विश्वासानं ते दार ओढून घेतलं की वहिनी बाहेरच राहिली. आणि मग रोज त्या दाराला एक एक कडी लागत गेली.

दुसऱ्या दिवशी बारकीनं नवी वायर आणली. पडद्यावर: "ही डिस्क वापरता येत नाही. फॉरमॅट करायची का?" तिसऱ्या दिवशी तिनं डब्यामागच्या दुसऱ्या खाचेत वायर लावली. तेच. चौथ्या दिवशी म्हणाली, आपण एकाच बोर्डावर मशीन, इस्त्री आणि डबा लावतो, इस्त्री तापली की वीज कमी पडत असेल, म्हणून तिनं सगळं उचलून थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडलं, वहिनीची इस्त्री मागच्या खोलीत हलवली, आणि वर म्हणाली, "सॉरी हं वहिनी, तुझ्या इस्त्रीचा दोष असला तर मी तिला काही बोलणार नाही." वहिनी हसली. हसताना तिला आपल्या तोंडाचा आकार परका वाटला. पाचव्या दिवशी सुट्टी होती. बारकीनं डब्याचं बटण एका विशिष्ट रीतीनं दाबून धरलं, दुसऱ्यांदा टुंई वाजेपर्यंत, मग साध्या काळ्या पडद्यावर दुरुस्तीच्या उपायांची एक यादी आली. त्या यादीतलं एक एक ती अंगठ्यानं निवडत गेली, आणि वहिनी मागं उभी राहून पदराचं टोक पिळत गेली. डबा बराच वेळ विचार करत बसला. शेवटी पुन्हा तोच चौकोन. फॉरमॅट करायची का?

"फॉरमॅट म्हणजे गं काय?" वहिनीनं विचारलं.

"पाटी पुसणं. सगळी. डिस्क कोरी होते, मग चालते."

"मग नको!" ती एवढ्या जोरात म्हणाली की बारकीच्या हातून कंट्रोलर निसटला.

"अगं हो, मी कुठं करतेय? तू तर अशी ओरडलीस, जणू मी तुझा ब्लाउजच कापला."

डब्यात काय उरलं, तेही बारकीनं पाहून ठेवलं होतं. अकरा क्लिपा. सगळ्या अशाच, ज्यांत दादा नव्हता, बारकी एकटी खेळत होती. त्याच्या साऱ्या क्लिपा आधीच पलीकडं गेल्या होत्या आणि इकडून पुसल्या गेल्या होत्या.

वहिनीला भीती दोन बाजूंनी खायला लागली. तो आवाज परत येणार नाही ही एक. आणि आला तर ती क्लिपही येईल, आणि त्याबरोबर सगळंच बाहेर येईल, ही दुसरी. मशीन चालवताना सुई वरखाली व्हायची आणि तिला तो दिवा लुकलुकताना दिसायचा. एका पडद्याची शिलाई तिनं दोनदा उलट्या बाजूनं घातली. शाळेच्या गणवेशाला खिसा आतून लावला. रस्त्यानं कुणाचं नाकातून हसणं ऐकू आलं तरी मशीनवरचा पाय थांबायचा.

नवव्या दिवशी बारकीनं डिस्क खोळीसकट पिशवीत घातली आणि म्हणाली, "चल. घड्याळमावशीकडं दाखवू."

घड्याळमावशीचं दुकान म्हणजे एका माणसाची बसायची जागा आणि तीन माणसांची उभं राहायची. पाटीवर अजून घड्याळ काढलेलं, वडिलांच्या वेळचं. आत मात्र काउंटरवर उघडे पडलेले फोन, कन्सोलांचे सांगाडे, बारक्या स्क्रूंच्या वाट्या. मावशीला एका कानानं कमी ऐकू यायचं. तिनं डिस्क खोळीतून काढली, खोळ उलटसुलट करून पाहिली. "शिलाई कुणाची? झकास आहे." मग वायर जोडली आणि डिस्क चांगल्या कानाशी धरून डोळे मिटले. दुकानातल्या भिंतीवरची पाच घड्याळं पाच निरनिराळ्या वेळा दाखवत टिकटिकत राहिली.

"आवाज स्वच्छ आहे," मावशी म्हणाली. "खडखड नाही, खरखर नाही. आतलं चाक नीट फिरतंय." तिनं वायरचं टोक खाचेत हलवून पाहिलं. "खाचही घट्ट आहे. वायर आपली आपण सुटणारी नाही. बंद पडली तेव्हा काय चाललं होतं?"

"क्लिपा हलवत होते," बारकी म्हणाली. "मी आंघोळीला गेले होते. कन्सोल म्हणतो वायर काढली. पण वहिनी तिथंच होती."

मावशीनं चष्म्यावरून वहिनीकडं पाहिलं. नुसतं पाहिलं नाही. आधी तोंडाकडं, मग हातांकडं. वहिनीनं हात पिशवीत घातले.

"हे बघा बायांनो," मावशी म्हणाली, "दोनच गोष्टी असू शकतात. लिहिता लिहिता कुणी वायर ओढली असेल, तर आतली अनुक्रमणिका फाटलीय, पानं शाबूत आहेत. मग ही माझ्याकडं चार दिवस ठेवा, काहीही दाबू नका. मी आधी सगळ्याची नक्कल काढते आणि मग पानं एकेक लावत बसते. बरंचसं निघतं. पण कुणी हातही न लावता गेली असेल, तर हिला आतून कीड लागलीय. अनुक्रमणिका आधी गेली, पानंही मागोमाग जातात. तसलं काम मी पूर्वी घ्यायचे. आठ-आठ दिवस उकरायचं आणि हाती भुसा. लोक इथं उभे राहून रडतात. आता नाही घेत." तिनं डिस्क काउंटरवर, बरोबर वहिनीच्या समोर ठेवली. "म्हणून विचारतेय. नीट आठवून सांगा."

बारकीनं वहिनीचा दंड धरला. बारकीची बोटं गरम होती, आणि ती विश्वासानं धरलेली होती, हेच वाईट होतं. "सांग ना वहिनी. तू होतीस. कुणी आलं होतं का? मांजर वगैरे?"

जिभेवर खरं होतं, अगदी टोकावर, सुईच्या नाकात जाऊ बघणाऱ्या धाग्यासारखं. पण बारकी एवढ्या जवळ उभी होती की तिच्या डोळ्यांत वहिनीला स्वतःचं तोंड दिसलं. हे तोंड उघडलं की ही बोटं दंडावरून सुटणार. मग परत कधी धरणार? आणि धरलीच नाहीत तर त्या घरात, त्या मशीनच्या खडखडीत, एकटीनं कुणाबरोबर अळणी जेवायचं?

"कुणी नाही," ती म्हणाली. "आपोआप बंद पडली."

मावशीनं सुस्कारा सोडला आणि डिस्क परत खोळीत घातली. "मग पुसून टाका आणि पुढं चला. चाललीच तर गेम ठेवायला तरी होईल." पण त्या निघाल्या तेव्हा ती मागून म्हणाली, "दुकान सातला बंद होतं."

रस्ताभर बारकी पिशवी छातीशी धरून चालली. चौकात लाल दिवा होता, दोघी थांबल्या. वहिनीला वाटलं, हिरवा व्हायच्या आत सांगू. हिरवा झाला. बेकरीच्या पायऱ्या ओलांडताना सांगू. ओलांडल्या. जिन्यात सांगू. जिन्यात बारकीच पुढं होती, आणि तिच्या पाठीला काही सांगणं जमेना.

घरात आल्यावर बारकीनं चपला न काढता डिस्क जोडली. कधी नव्हे ते वहिनीनं तिला चपलांवरून टोकलं नाही. संध्याकाळचं तिरकं ऊन मशीनवरून टीव्हीपर्यंत आलं होतं, पडद्यावरची धूळ दिसत होती.

"काय करतेस?"

"पुसते."

"आज नको गं. दमलीस. चहा टाकते."

"नाही वहिनी. आजच." बारकी जमिनीवर मांडी घालून बसली, कंट्रोलर दोन्ही हातांत. "नऊ दिवस मी रात्री डोळे मिटले की तो चौकोन दिसतो. करायची का, करायची का. मावशी म्हणाली ना, आतून कीड लागली. म्हणजे आपण काहीच करू शकत नव्हतो. कुणाचाच दोष नाही." तिनं नाक ओढलं. "तेवढंच बरं. कुणाचा दोष असता ना, तर मला जास्त राग आला असता. दादा गेला तेव्हाही डॉक्टर हेच म्हणाले होते, कुणाचा दोष नाही. म्हणूनच मी सहन केलं."

वहिनी दाराच्या चौकटीला टेकली.

बारकीनं बटण दाबलं. पडद्यावर आलं: फॉरमॅट केल्यावर या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. पुढं जायचं? बारकीनं होय म्हटलं. दुसरा चौकोन: पुसलेलं परत आणता येणार नाही. खात्री आहे? बारकीचा अंगठा थबकला. "बघ, दादासारखंच दोन-दोनदा विचारतोय," ती म्हणाली आणि हसू-रडूच्या मधला कसलातरी आवाज काढून तिनं होय म्हटलं.

तिसरा चौकोन. बटण तीन सेकंद दाबून धरा.

निळ्या खोळीच्या खिडकीत दिवा लागला होता. स्थिर. वाट बघत. पिवळ्या किनारीचा एक टाका सैल होऊन बाहेर आला होता, आणि वहिनीला उगाच वाटलं, एवढा टाका घेऊ आधी, मग बघू. तिच्या कानात खडखड सुरू झाली. मशीन तर बंद होतं. मग खडखड थांबली, जशी त्या क्लिपमध्ये थांबली होती. आणि सगळं घर, फळी, डबा, पडद्यावरची धूळ, तिच्या उत्तराची वाट बघत उभं राहिलं. ये ना जरा इकडं. एकदा बघून तर जा.

बारकीनं अंगठा दाबला. पडद्यावर एक गोल रेघ उमटली आणि भरायला लागली. पाव. अर्धी.

"बारके, सोड! सोड ते बटण!"

अंगठा दचकून उचलला गेला. रेघ मागं फिरली, गोल रिकामा झाला. बारकीनं मान वळवून पाहिलं. "काय गं? केवढ्यानं ओरडलीस. काय झालं?"

वहिनी तिच्यापाशी आली, जमिनीवर बसली. कंट्रोलर तिच्या हातातून काढून घेतला आणि पलीकडं ठेवला, धारदार कात्री मुलांच्या हाताबाहेर ठेवावी तसा. बारकीचा हात मात्र तिनं धरला नाही. आपल्याला आता तो धरायचा अधिकार आहे की नाही, तिला ठाऊक नव्हतं.

"सातला अजून वेळ आहे," ती म्हणाली. "हे आहे तसं उचल आणि मावशीकडं ने. काही दाबू नकोस. पानं शाबूत आहेत."

"वहिनी, ती म्हणाली ना, कुणी ओढली असती तरच..."

बारकीचे डोळे वहिनीच्या तोंडावरून हळूहळू हातांवर उतरले, दुकानात मावशीचे उतरले होते तसे. या वेळी वहिनीनं हात लपवले नाहीत. मांडीवर उघडे ठेवले.

"आपोआप नाही बंद पडली," वहिनी म्हणाली. "मी ओढली वायर. दिवा लुकलुकत होता, मला दिसत होता, तरी ओढली. त्यानं मला हाक मारली होती गं, एकदा बघून तर जा म्हणून. आणि मी त्याला म्हटलं होतं, वेळ नाही."